तिसऱ्या मडक्याचे आकडे

रंग जळल्याचा वास आला म्हणून मी मान वर केली. तुला उचललं होतं. माझा विजय पुढे होता. दोरीने बांधलेलं मडकं त्याच्या हातात लोंबत होतं, आत गोवऱ्या धुमसत होत्या, आणि मडक्याच्या अंगावरचा तांबडा ऑइलपेंट फोड येऊन काळा पडत होता. त्यावर दीपालीने पांढऱ्या रंगात लिहिलेला तीनचा आकडा मला स्पष्ट दिसला. गेटपाशी तुझे विद्यार्थी उभे होते. दीपालीने ते पाहिलं आणि तौसिफची बाही ओढली. तौसिफ हळूच म्हणाला, "ते आपलं आहे." यात्रा पुढे निघाली.  असल्या कारणासाठी अंत्ययात्रा थांबवत नाहीत, वैशाली. तू असतीस तर थांबवली असतीस की काय, हे मात्र मला सांगता येत नाही.

हे कसं झालं ते आधी सांगते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारशील. सकाळी तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्टुलावरून खाली कोसळलीस आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. दुपारी तुला घरी आणलं. घरात माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून टाकतात, तसं बायकांनी ओतलं. पिंप, हंडे, फ्रिजमधल्या बाटल्या. त्यातलीच कोणीतरी गच्चीवर गेली आणि तिथली तुमची तीन मडकीही उपडी करून आली. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. हे काम न सांगताच करायचं असतं. मग सामानाबरोबर आलेलं मडकं रिक्षातून उतरवताना फुटलं. गुरुजी घाई करत होते. माझ्या जावेचा बाळू वर पळाला. दोन मडकी ओलीगच्च होती आणि तिसरं बाहेरून कोरडं ठणठणीत. त्याला ते कोरं वाटलं.

नंतर मी त्याला विचारलं, "त्यावर तीन लिहिलेलं दिसलं नाही का?"

"दिसलं ना, मोठी आई. मला वाटलं कुंभाराने लिहिलंय."

"आणि रंग?"

"आजकाल रंगवून पण देतात."

त्याला तरी काय बोलायचं. रंग दिलेल्या मडक्यातून पाणी झिरपत नाही, ते बाहेरून कोरडं राहतं, हेच दाखवायला तुम्ही ते रंगवलं होतं. बाळूने पाहिलं ते बरोबरच पाहिलं.

कॉलेजची मुलं तुझ्या आठवणींचा अंक काढणार आहेत. विजयला लिही म्हणाले. तो विजेच्या मोटारी रिवाइंड करतो, त्याच्या हाताला लिहिणं येत नाही, आणि सध्या त्याला बोलणंही येत नाही. मी म्हटलं, सासू असले तरी मी लिहिते. चौथीपर्यंतचं शिक्षण पुरतं का ते बघू. तुझं शिक्षण, नोकरी, बक्षिसं वगैरे दुसरे कोणीतरी लिहितील. मला ते नीट माहीतही नाही.

मला मडक्यांचं माहीत आहे. संक्रांत झाल्यावर हे प्रकरण आपल्या घरी आलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपापला एक प्रयोग स्वतः उभा करायचा, त्याचं उत्तर पुस्तकात नसलं पाहिजे, असा तुझा नियम होता. दरवर्षी काही ना काही आपल्या घरात यायचं. एका वर्षी जिन्यात वरपासून खालपर्यंत दोरीला लोखंडाचा गोळा बांधला होता आणि मला भाजीची पिशवी घेऊन त्याच्या झोक्यातून वाट काढावी लागायची. या वर्षी दोघं आली. दीपाली सिन्नरकडची, तिचे वडील टेंपो चालवतात. तौसिफ मनमाडहून रोज रेल्वेने यायचा. कॉलेजच्या इमारतीवर जाऊ देत नाहीत म्हणून आपली गच्ची. कुंभारवाड्यातून एकाच दिवशी भाजलेली तीन सारखी मडकी आणली. एक सावलीत नुसतं, एक पंख्यासमोर, एक बाहेरून रंगवलेलं. तिन्हीत सारखं पाणी. सकाळ-संध्याकाळ वजन करायचं आणि आत थर्मामीटर धरायचा.

मी म्हटलं, "मडक्यात पाणी गार होतं हे कळायला कॉलेजात कशाला जावं लागतं?"

"किती गार होतं, आई?" तू विचारलंस.

"होतं गार."

"हो, पण किती?"

"प्यायला बरं वाटतं इतकं."

"तौसिफ, लिहून घे. प्यायला बरं वाटतं इतकं."

दोघं पोरं हसली. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. रंगवलेल्या मडक्याचं तर मला मुळीच पटत नव्हतं. चांगलं मडकं रंग फासून वाया घालवायचं आणि मग रोज त्याचं वजन करायचं. तू म्हणालीस, "तिसरं नसेल तर पहिल्या दोघांनी काय केलं ते कळणार कसं? काहीच न करणारं एक शेजारी लागतं." हे मला कळलं. बाजारात भाजी विकताना मीही शेजारणीच्या टोपलीकडे बघूनच माझी भाजी सुकली की नाही ठरवायची.

पहिल्या काही दिवसांत सावलीतल्या मडक्यातलं पाणी अपेक्षेपेक्षा जास्त घटत होतं. हिशोब जमेना. दीपाली रडकुंडीला आली. तू तिला काही सांगितलं नाहीस. गच्चीवर खुर्ची टाकून बसवलीस आणि म्हणालीस, "बघत बस." ऊन चढल्यावर ती धावत खाली आली. "मॅडम, पोतं ओलं हाय." गच्ची तापते म्हणून तौसिफने मडक्यांखाली पोत्याचे तुकडे घातले होते. पाणी बुडातून थेंबाथेंबाने पोत्यात उतरत होतं आणि ही दोघं ते हवेत गेलं असं धरत होती. इतक्या दिवसांचं काम फुकट गेलं. तू मात्र अशी खूश झालीस की चहात दोनदा साखर घातलीस. चूक सापडली की तुझा चेहरा खुलायचा. बरोबर उत्तर आलं की तू नुसतं "हं" म्हणायचीस. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि मला ते विचित्रच वाटायचं. पोती गेली आणि त्यांच्या जागी माझ्या स्टीलच्या ताटल्या गेल्या, त्या अजून वरच आहेत.

तुझे उपकार मानायचे तर ते साखरेच्या मशिनसाठी. मला मधुमेह निघाला तेव्हा विजयने ते बोटाला टोचायचं मशिन आणलं. आकडा जास्त आला की मी जेवण सोडायची. कमी आला की गोड खायची. एक दिवस मी ताट सरकवून बसले होते. तू काही समजूत घातली नाहीस. मशिन आणलंस आणि म्हणालीस, बोट पुढे करा. टोचलं. लगेच दुसऱ्या बोटाला टोचलं. मग तिसऱ्या. तीन वेगवेगळे आकडे आले. मी म्हटलं, मशिन बिघडलं. तू म्हणालीस, "बिघडलं नाही. मोजणं असंच असतं. एका आकड्याला घाबरायचं नाही आणि एका आकड्यावर नाचायचंही नाही. थोडे दिवस बघायचं." बोटं दुखत होती म्हणून मी तुला शिव्या घातल्या. पण त्या दिवसापासून मी दोन वेळ जेवते. डॉक्टरांनी मला औषध दिलं. भीती तू काढलीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

तुम्हाला मूल झालं नाही. ते दुःख तुमचं होतं. मी त्यात नाक खुपसलं नाही आणि तू माझ्यापाशी कधी रडली नाहीस. आपल्या दोघींचं बोलणं बहुतेक भांडणाचंच असायचं. तू घरी आल्यावर चपला काढता काढता कॉलेजातलं काहीतरी सांगायचीस, मी त्यावर विरुद्ध बोलायची, आणि स्वयंपाक होईपर्यंत ते चालायचं. विजय म्हणायचा, "तुम्ही दोघी भांडलात की मला बरं वाटतं, घरात सगळं ठीक आहे असं कळतं."

शेवटचं भांडण तसंच राहिलं. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी दीपाली आलेख घेऊन बसली होती. सगळे ठिपके एका रेषेच्या आसपास आणि एक ठिपका कुठल्या कुठे वर. तिने विचारलं, "मॅडम, हा गाळू का?" तू म्हणालीस, नाही. ती गेल्यावर मी तुला धरलं.

"पोरीला पुण्याला एमएस्सीला जायचंय. मार्कांशिवाय घेतात का तिथे? एक ठिपका खाली सरकवला तर कोणाचं काय जातं?"

"आई, तो तिथेच पडला होता."

"पडला असेल. उचल."

"भाजी तोलताना तुम्ही तागडीला बोट लावायच्या का?"

"कधीच नाही. पण गिऱ्हाईक गरजू असलं तर वर चार मिरच्या टाकायचे. त्याला फसवणूक म्हणत नाहीत."

तू थांबलीस. पीठ मळत होतीस, हात तसेच परातीत. मग हसलीस आणि म्हणालीस, "हे चांगलं बोललात. याचं उत्तर मला उद्या द्यावं लागेल." सकाळी तू घाईत गेलीस. काय उत्तर देणार होतीस, ते मी पुष्कळ शोधलं. मला सापडलं नाही.

सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. माझी जाऊ सुमन राहायला आली होती. तिला गच्चीवरची दोन मडकी दिसली. "वहिनी, मातीची भांडी घरात ठेवायची नसतात आता. टाकून देते." तिचं बरोबर होतं. माझी सासू गेली तेव्हा घरातलं एकूण एक मडकं मी स्वतः बाहेर नेऊन टाकलं होतं. या वेळी मी म्हटलं, "ती घरातली नाहीत. कॉलेजची आहेत." सुमन म्हणाली, "पण आहेत तर आपल्याच गच्चीवर." मी म्हटलं, "असू देत. हात लावू नकोस." ती रागावून खाली जाऊन बसली.

तेवढ्यात ती दोघं गेटशी आली. आत यावं की नाही कळत नव्हतं त्यांना. दीपाली म्हणाली, "आजी, वर जाऊ का? नाय म्हणाल तर नाय."

"चपला काढा आणि जा."

"असल्या दिवसांत?" सुमन म्हणाली.

"पाणी हवेत जायचं थांबलंय का?" मी म्हटलं. त्यांनी दोन्ही मडकी पुन्हा भरली. खाली बायका बसायला येत होत्या, वर वजनकाटा चालू होता. भिंतीशी बसलेला विजय वरची पावलं ऐकत होता. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा चहा मागितला.

खरी अडचण तिसऱ्या मडक्याची होती. परीक्षा तोंडावर आली होती. तुझ्या जागी दुसरे सर आले. ते भले गृहस्थ, मुलांची कळकळ असलेले. त्यांनी दोघांना सांगितलं, रंगवलेल्या मडक्याचे आधीचे आकडे आहेत ना, त्यावरून पुढचे काढा आणि रकाना भरून टाका. ते मडकं काहीच करत नव्हतं, त्याचे आकडे फार बदलणारही नाहीत. मी सही करतो, मॅडमचंच काम आहे. दोघं ते विचारायला माझ्याकडे आली. मला का विचारलं कोण जाणे. जिन्यात खालच्या पायरीवर बसली.

"सर चांगल्या मनाने बोलले," दीपाली म्हणाली. "अन् आजी, रकाना रिकामा दिसला तर मार्क जाणार. पप्पांनी सांगितलंय, मार्कांवर लागला नंबर तर पुण्याला जा, नायतर नाय."

"मग भरा," मी म्हटलं.

तौसिफ जमिनीकडे बघत म्हणाला, "मॅडम काय म्हणाल्या असत्या?"

"मॅडम नाहीत आता."

ती गेली. मी आत येऊन भाजी निवडायला बसले. मला बरं वाटायला हवं होतं. मी जे म्हणत होते तेच झालं होतं आणि आता मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं. पण भांडण असं जिंकतात का? तुझं उत्तर बाकी होतं. ते ऐकल्याशिवाय मी जिंकले असं म्हणणं म्हणजे काटा रिकामा असताना वजन सांगणं.

दुसऱ्या दिवशी ती वजन करायला आली तेव्हा मी दोघांना थांबवलं. "रकाना भरू नका."

"काल तर भरा म्हणाल्या," दीपाली म्हणाली. ती चिडली होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं.

"काल म्हटलं. वैशाली समोर असती तर मी तुमच्या बाजूने तिच्याशी भांडले असते, आणि कदाचित तिला वाकवलंही असतं. ती नसताना तिच्या गच्चीवर बसून मी हे करणार नाही. तुम्हाला करायचं तर कॉलेजात जाऊन करा. मी कोणाला सांगणार नाही."

तौसिफने दीपालीकडे पाहिलं. तिने वजनाची वही मिटली. मग म्हणाली, "कुंभारवाड्यात अजून मिळंल का तसलं?"

तसलं मिळालं नाही. त्याच कुंभाराकडचं होतं, पण पुढच्या भट्टीचं, हाताला जड लागत होतं. तौसिफने तेच आणलं. दाराच्या चौकटीचा उरलेला रंग विजयने माळ्यावरून काढून दिला आणि स्वतःच लावून दिला. रंग वाळायला वेळ गेला. त्यानंतर जे थोडे दिवस उरले, त्यांचे आकडे त्यांनी वेगळ्या कागदावर मांडले.

तोंडी परीक्षेला मी गेले. तुझी प्रयोगशाळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं तू बोलावत होतीस आणि मी म्हणायची, मला तिथे काय कळणार? खरंच फारसं कळलं नाही. टेबलं होती, तारा होत्या, एका कोपऱ्यात तुझं स्टूल होतं. त्यावर कोणी बसलं नव्हतं. सरांनी मला मागे खुर्ची दिली.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, आवाज बारीक. त्यांनी वही उलटली आणि बोट ठेवलं. "हे तिसऱ्या मडक्याचे आकडे इथे का थांबले?"

दीपालीने तौसिफकडे पाहिलं. तौसिफ म्हणाला, "सर, ते मडकं मॅडमच्या अंत्ययात्रेत वापरलं गेलं. चुकून."

परीक्षकांनी नव्या सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. मला वाटलं आता हे हळहळतील, दोन शब्द बोलतील आणि सोडून देतील. मला ते नको होतं. ते तसं काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचं पान उलटलं आणि विचारलं, "मग नवीन आणलंत त्याची भिंत किती जाड आहे?"

आता दीपाली बोलली. "तोंडापाशी मोजली सर. ती इथं लिहिलीय. पण बुडाशी जाड असणार, अन् ती मडकं फोडल्याशिवाय मोजता येत नाही. म्हणून याचे आकडे जुन्याला जोडले नाहीत. वेगळे ठेवले."

"म्हणजे तुलना करता येत नाही?"

"थोडी करता येते सर. किती चुकू शकते ते खाली दिलंय."

"आणि हा एक ठिपका वर कशामुळे गेला?"

"माहीत नाही सर. शोधलं. नाही सापडलं."

ती हे ताठ उभी राहून म्हणाली. चार माणसांसमोर मोठ्याने "माहीत नाही" म्हणणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. आमच्या वेळी माहीत नसलं की मान खाली घालायची असायची. मला पुढचं कळलं नाही, पण ही पोरगी तू घडवलीस एवढं मला खुर्चीत बसून कळलं. मी पदर डोळ्यांना वगैरे लावला नाही. तुला ते आवडलं नसतं आणि मला जमतही नाही.

मार्क कमी पडले. हे तुला सांगायलाच हवं. ज्या जोडीने बाजारातून तयार सामान आणलं होतं आणि ज्यांचा आलेख पट्टीने ओढल्यासारखा सरळ होता, त्यांना जास्त मिळाले. मी म्हटलं होतं तसंच झालं. दीपाली ते ऐकून आपल्याकडे आली, ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मला लय राग आलाय." मी म्हटलं, "येऊ दे." कोणाचा राग, ते मी विचारलं नाही. तिला भाकरी वाढली. तिने ती खाल्ली. जाताना म्हणाली, पुढच्या वर्षीच्या मुलींना मडक्यांचं करायचंय, बुडाची जाडी मोजायची काहीतरी युक्ती काढणार आहेत, तर गच्ची मिळेल का. मी म्हटलं मिळेल. पुण्याचं काय होतं ते अजून कळायचं आहे.

म्हणजे तुझं खरं झालं की माझं, ते काही ठरलं नाही. पोरीचे मार्क गेले, हा मुद्दा माझ्या बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला काय ठेवायचं ते तूच ठेवायला हवं होतंस. ती परीक्षकांसमोर उभी होती तसं तिला तू पाहायला हवं होतंस. विजयला हातात ब्रश घेऊन मडकं रंगवताना पाहायला हवं होतंस. दोन्ही वेळी तू नव्हतीस. मी होते.